उसना सूर

घरांत बसून संगीत रचण्याची सोय अलीकडे इतकी वाढली आहे कीं, ज्या कामास एके काळीं मुंबईंतील एखादें ध्वनिमुद्रणगृह आणि तीस-चाळीस वादक लागत, तें काम आतां एक संगणक, चार सप्तकांचा कीबोर्ड आणि कानांवर चढवावयाचा हेडफोन एवढ्यावर भागतें. आमच्या भाच्यानें डोंबिवलीस आपल्या राहत्या जागेंतील एक खोली या कामीं लाविली आहे. भिंतींस जाड गाद्या ठोकल्या आहेत, खिडकी कायमची बंद केली आहे, आणि त्या खोलींत शिरतांना आमच्या बहिणीनें देखील दार वाजवावें असा नियम आहे. गेल्या पावसाळ्यांत त्यानें आम्हांस विचारलें, "मामा, एकच सॅम्पलर घ्यायचा असेल तर कोणता घेऊं? चांगला अष्टपैलू हवा. एकदां घेतला कीं पुन्हा बघायला नको." आमचा धंदा इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा, परंतु घरीं पेटी आहे व ती आम्ही वाजवितों, एवढ्यावरून संगीतांतील आम्हांस बरेंच कळतें असा आमच्या आप्तवर्गाचा समज आहे, आणि तो दूर करण्याची खटपट आम्हीं आजवर केलेली नाहीं. उत्तर देण्यास आम्हांस चार महिने लागले. त्या अवधींत जें मनांत आलें तें येथें लिहितों.

ज्यांस हें साधन ठाऊक नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द सांगणें अवश्य आहे. सॅम्पलर म्हणजे आवाजांचे नमुने बाळगणारें यंत्र. पूर्वीं तें पेटीएवढें असे, आतां संगणकांत घालावयाची एक आज्ञावलि झालें आहे. त्याला स्वतःचा आवाज नाहीं. सतारीचा, सनईचा किंवा दाराच्या कडीचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याच्या स्वाधीन करावा, तो कोणत्या पट्टीवर वाजावा हें सांगून ठेवावें, आणि ती पट्टी दाबतांच त्यानें तो परत करावा, एवढेंच त्याचें काम. आवाज सांठविण्याची रीत अशी कीं, हवेच्या कंपाचें माप सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० वेळां घेऊन तीं मापें आंकड्यांच्या रूपानें लिहून ठेवावयाचीं. तीं दुप्पट वेगानें वाचलीं म्हणजे सूर एक सप्तक वर जातो. परंतु त्याबरोबर त्याचें आयुष्यहि निम्में होतें, आणि सनईवाला चिमणीसारखा किलबिलूं लागतो. म्हणून जाणते कारागीर एकच नमुना सगळ्या कीबोर्डावर ताणीत नाहींत. दर दोन-तीन पट्ट्यांस नवा नमुना घेतात. शिवाय तोच सूर हळू, मध्यम व जोरानें असा वेगवेगळा घेतात, कारण हळू सूर म्हणजे जोराच्या सुराची लहान आवृत्ति नव्हे. त्याचा रंगच निराळा असतो. इतकें करूनहि एक अडचण उरते. एकच पट्टी भराभर चार वेळां दाबली असतां चारहि वेळां हुबेहूब तोच आवाज निघतो, आणि कानाला तें तत्काळ खोटें वाटतें. यावर उपाय म्हणून प्रत्येक सूर तीन-चार वेळां मुद्रित करून यंत्रास ते नमुने पाळीपाळीनें वाजवावयास लावितात. या शेवटच्या युक्तीकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें; आमचा सगळा विचार तिच्यापाशीं येऊन अडला आहे.

यंत्राचा इतिहास मोठा नाहीं. १९६३ सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें मेलोट्रॉन नांवाचें वाद्य निघालें. त्यांत प्रत्येक पट्टीखालीं ध्वनिफितीचा एक तुकडा असे व तो सुमारें आठ सेकंद वाजे. तेथील वादकांच्या संघानें त्यास हरकत घेतली, आणि ती कां घेतली असावी हें सांगावयास नको. पुढें १९७९ मध्यें सिडनी शहरीं फेअरलाइट हें अंकांवर चालणारें यंत्र झालें, १९८१ त अमेरिकेंत इम्युलेटर झाला, आणि २००२ सालीं बर्लिनच्या एका कंपनीनें काँटॅक्ट ही आज्ञावलि बाजारांत आणिली, तिचें राज्य अद्याप चालू आहे. तिच्या जोडीस हॅलियन आहे. लॉजिक व एबलटन या रचनेच्या आज्ञावलींबरोबर येणारे सॅम्पलर आहेत. आणि डिसेंट सॅम्पलर, स्फोर्झांडो अशीं फुकट मिळणारीं साधनेंहि आहेत. भाच्यानें या सर्वांचा एक मोठा तक्ता करून आम्हांस पाठविला. कोणाजवळ किती गिगाबाइट आवाज, कोणाच्या किती वाद्यवृंदांचे संच, कोणाची गळणी किती प्रकारची. तक्ता पाहून आम्हांस लग्नाच्या स्थळांची यादी आठवली.

'अष्टपैलू' हा शब्द त्यानें सहज वापरला. आम्हीं मात्र त्यावर कांहीं दिवस घालविले. पैलू हिऱ्यास असतात आणि ते पाडणाऱ्यानें पाडलेले असतात. पैलूंतून जो प्रकाश फांकतो तो हिऱ्याचा नव्हे, बाहेरून आलेला असतो. सॅम्पलरास अष्टपैलू म्हणणें या दृष्टीनें फार यथार्थ आहे. तो कांहींहि होऊं शकतो याचें कारण तो स्वतः कांहींच नाहीं. मग त्याची निवड करतांना तो किती प्रकारांनीं चमकतो हें मोजावें, कीं प्रकाश कोठून येणार हें आधीं पाहावें?

असा वाद आपल्याकडे नवा नाहीं. पेटीवरून महाराष्ट्रांत व महाराष्ट्राबाहेर जें वादळ झालें तें जुन्या वाचकांस ऐकून ठाऊक असेल. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० मध्यें बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें. साताऱ्याचे न्यायाधीश क्लेमंट्स यांनीं त्या गणितास धरून श्रुतींची पेटी विलायतेंत करवून घेतली. १९१६ सालीं बडोद्याच्या संगीत परिषदेंत तिच्यावर खडाजंगी झाली. पुढें आकाशवाणीनें १९४० मध्यें पेटीला साफ दार लाविलें, तें १९७१ पर्यंत उघडलें नाहीं. आक्षेप मुख्यतः दोन होते: पेटीचे सूर समान अंतरानें कापलेले, म्हणून आपल्या रागांस बेसूर, आणि एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची, म्हणजे मींडेची, तिला शक्ति नाहीं. आमची पेटी वाजविण्याची हौस या दोन्ही आक्षेपांखालीं दबून वाढली आहे. गंमत अशी कीं, आजच्या चांगल्या सॅम्पलरास यांपैकीं एकहि आक्षेप लागूं होत नाहीं. त्यांतील प्रत्येक पट्टी, अर्ध्या स्वराचे शंभर भाग कल्पून त्यांतील एका भागाइतकीहि वरखालीं सरकवितां येते. देवलांचें गणित अर्ध्या तासांत त्यांत भरतां येईल. मींडेकरितां जें चाक असतें त्याच्या ठरीव भाषेंत १६,३८४ पायऱ्या आहेत. म्हणजे ज्या गोष्टींवर आमच्या आजोबांची पिढी भांडली त्या गोष्टी यंत्रानें मुकाट्यानें मान्य केल्या, आणि तरीहि भांडण मिटलें नाहीं. तें नक्की कोठें शिल्लक राहिलें, हें आम्हांस सूर्यमाळ येथें गेल्यावर कळलें.

सूर्यमाळेस जाण्याचें कारण असें घडलें. भाच्याच्या कांहीं मित्रांनीं एक नृत्यनाट्य बसविण्यास घेतलें होतें व त्यांत तारपा हवा होता. विकत मिळणाऱ्या संचांत त्याच्या मनाजोगता तारपा सांपडेना. तेव्हां जव्हार-मोखाड्याकडे जाऊन स्वतःच मुद्रण करावें, आणि त्या निमित्तानें सॅम्पलरांची परीक्षाहि करून पाहावी, असा बेत त्यानें केला व सोबतीस आम्हांस घेतलें. या मुलुखांत तारप्यास मोठा मान आहे. जव्हार तालुक्यांतील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारपावादनासाठीं पद्मश्री जाहीर झाल्याचें वाचकांनीं वर्तमानपत्रांत वाचलें असेल. आम्ही मात्र ज्यांच्याकडे गेलों ते सूर्यमाळेच्या एका पाड्यावरील वृद्ध गृहस्थ. त्यांचें नांव येथें देत नाहीं, कारण तसें आम्हीं त्यांस विचारलेलें नाहीं.

कसाऱ्याहून विहीगांव, तेथून खोडाळ्याच्या रोखानें घाट चढून गेलें म्हणजे हें पठार लागतें. कार्तिकाचे दिवस होते. भाताचीं खाचरें कापून झालीं होतीं, उतारावरची नाचणी उभी होती. हा सगळा वैतरणेच्या पाणलोटाचा प्रदेश. मध्य वैतरणेचें धरण याच मोखाडा तालुक्यांत कोचाळ्याजवळ आहे, त्याचें पाणी मुंबईस जातें, आणि चैत्र-वैशाखांत याच तालुक्याच्या पाड्यांवर पाण्याचे टँकर येतात. जातांना ही गोष्ट आमच्या मनांत नुसती येऊन गेली. परत येतांना ती जाईना.

तारपा ज्यांनीं केवळ वारली चित्रांत पाहिला असेल त्यांस त्याची घडण सांगितली पाहिजे. वाळलेल्या दुध्याच्या भोपळ्यास वर फुंकण्याचें भोंक. खालच्या अंगास मेणानें बसविलेल्या बांबूच्या दोन नळ्या, त्यांत पातळ जिभल्या आणि वर बोटांचीं भोंकें. आणि शेवटीं ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांबट भोंगा. भोपळा हा हवेचा सांठा. वादक नाकानें श्वास घेतो तेव्हां गालांतील हवेनें फुंक चालू ठेवतो, त्यामुळें आवाज क्षणभरहि तुटत नाहीं. चाल धरणारा आणि चाल चालू ठेवणारा तो एकटा. एकमेकांच्या कंबरेभोंवतीं हात घातलेल्या नाचणाऱ्यांचा फेर त्याच्यामागून सापासारखा फिरतो, तो वळला कीं वळतो, त्यानें चाल बदलली कीं पाय बदलतो.

भाच्यानें अंगणांत दोन मायक्रोफोन उभे केले आणि मोठ्या आदबीनें विनंती केली, "बाबा, एकेक सूर वेगवेगळा द्याल का? एक सूर दहा सेकंद, मग थांबायचं. मग दुसरा." म्हाताऱ्यांनीं मान हलविली, तारपा तोंडास लाविला आणि एक संपूर्ण चाल वाजविली. भाच्यानें पुन्हा समजाविलें. त्यांनीं पुन्हा एक चाल वाजविली, या वेळीं दुसरी. त्यांना समजत नव्हतें असें मुळींच नाहीं. तिसऱ्या खेपेस त्यांनीं एकच सूर धरून दाखविला. परंतु फुंक सुरू होतांना भोपळ्यांत हवा भरेपर्यंत जो घरघराट होतो तो आरंभीं आला, आणि थांबतांना सूर खालीं ओघळून गेला. मधला भाग तेवढा सरळ होता. तारप्यांत सुरास आरंभ व अंत नसतोच. आरंभ व अंत चालीस असतो, तोहि नाइलाजानें. एव्हांना पाड्यावरचीं मुलें जमलीं होतीं, आणि चाल सुरू झाली कीं त्यांतलीं दोन-तीन एकमेकांस धरून पाय टाकूं लागत, भाचा "थांबा" म्हणाला कीं ओशाळून थांबत. असें पांच-सहा वेळां झाल्यावर म्हाताऱ्यांनीं तारपा मांडीवर घेतला व विचारलें, "एकेक सूर नेऊन यावर नाचणार कोण?"

भाच्यानें उत्तर दिलें कीं, सूर सुटे नेले म्हणजे त्यांची चाल घरीं हवी तशी बांधतां येते. उत्तर खरें होतें. आम्हांस मात्र त्या क्षणीं आमच्या पदवीच्या वर्गांत न्याय व मीमांसा यांचा जो वाद पाठ करून आम्ही विसरलों होतों तो एकाएकीं आठवला. शब्द नित्य कीं अनित्य? मीमांसक म्हणतो, शब्द नित्य आहे. उच्चार त्यास निर्माण करीत नाहीं, केवळ प्रकट करतो. शबरस्वामींनीं दिलेला दाखला मोठा मार्मिक आहे: एखाद्यानें गाय हा शब्द आठ वेळां उच्चारला असतां लोक 'शब्द आठ वेळां उच्चारला' असें म्हणतात, 'आठ शब्द उच्चारले' असें म्हणत नाहींत. नैयायिक म्हणतो, छे. शब्दास आरंभ आहे, तो कानानें कळतो, प्रयत्नानें होतो, आणि झाला तसा नष्ट होतो. तोच शब्द पुन्हा ऐकला असें आपण म्हणतों तें केवळ साम्यामुळें. वस्तुतः दर वेळीं नवाच शब्द जन्मास येतो.

सॅम्पलराची कल्पना ज्यानें प्रथम काढली तो, त्याला ठाऊक असो वा नसो, पक्का मीमांसक होता. गंधार एकदां मुद्रित केला कीं तो गंधार. पट्टी आठ वेळां दाबा, गंधार एकच, प्राकट्य आठ वेळां. परंतु कान फसेना. तेव्हां यंत्रानें काय केलें? तोच सूर चार वेळां मुद्रित करून पाळीपाळीनें वाजविण्याची युक्ति काढली, म्हणजे नैयायिकांस चार आणे देऊन त्यांचें तोंड बंद केलें. पांचव्या वेळीं पहिला नमुना पुन्हा येतो. सूर्यमाळेच्या म्हाताऱ्यांपाशीं पांचवा सूर पांचवाच असतो, आणि तो कसा येईल हें समोरच्या पोरांचे पाय, भोपळ्यांतील ओल आणि छातींतील दम यांवर ठरतें.

येथपर्यंतचा वाद केवळ पंडितांचा म्हणून सोडून देतां आला असता. परंतु त्याचें एक नैतिक अंग आहे, आणि तें भाच्यानेंच, परतीच्या वाटेवर, नकळत उघडें केलें. मुद्रण आटोपल्यावर त्यानें म्हाताऱ्यांस बिदागी दिली. एका रात्रीच्या वादनास जें मिळतें त्याहून ती अधिक होती, आणि त्यांनीं ती समाधानानें घेतली. मग त्यांनीं विचारलें, पुन्हा केव्हां येणार? भाचा सरळ मनाचा, म्हणाला, "आतां पुन्हा त्रास द्यावा लागणार नाहीं, बाबा. सगळं यांत आलं." म्हाताऱ्यांनीं त्या लहानशा यंत्राकडे पाहिलें आणि कांहीं बोलले नाहींत. मोटारींत आम्हीं हा प्रसंग काढला तेव्हां भाच्यानें आपली बाजू मांडली: "मामा, गाणं कुणाचं तरी असतं, हें मला मान्य. पण सूर कुणाचा? सा कुणाचा आहे? अक्षरं कुणाचीं आहेत?"

याला उत्तर देणें वाटतें तितकें सोपें नाहीं. हा देखील मीमांसकाचाच युक्तिवाद आहे: जें नित्य तें अपौरुषेय, आणि जें अपौरुषेय त्याचा कर्ता शोधावयाचा नाहीं. षड्ज कोणाचाच नाहीं हें खरें. परंतु यंत्रांत जो गेला तो षड्ज नव्हे. अमुक भोपळ्यांतून, अमुक दिवशीं, अमुक माणसाच्या श्वासानें निघालेला आवाज गेला. अक्षरेंहि कोणाचीं नसतात, पण छापखान्यांतील खिळे कोणाचे तरी असतात. निर्णयसागराचें वळणदार नागरी टाइप राणोजी रावजी आरू यांनीं कोरलें; 'क' त्यांचा नव्हता, पण तो 'क' त्यांचा होता. हें आम्ही बोलून गेलों आणि तेथेंच अडखळलों. कारण निर्णयसागरानें छापलेले ग्रंथ आम्हीं आयुष्यभर वाचले, आणि आरूंचें नांव आम्हांस पन्नाशी उलटल्यावर समजलें. तोंवर आमचें कांहीं अडलें नव्हतें.

दुसरी अडचण घरचीच आहे. आमच्याकडे वीस वर्षांपासून तंबोऱ्याचें विजेवर चालणारें यंत्र आहे. बंगळूरच्या राजनारायण यांनीं १९७९ मध्यें तें प्रथम सिद्ध केलें व पुढें घरोघर पसरलें. तें येण्यापूर्वीं आमची एक पुतणी मागें बसून तंबोरा छेडीत असे. तिला त्याचा कंटाळा होता, आणि यंत्र आल्यावर ती सुटली असें सर्वांसच वाटलें. पुढें कळलें कीं, जी काय सुरांची जाण तिला आली ती त्या कंटाळ्यांतच आली होती. तिच्या धाकट्या बहिणीस ती आली नाहीं. त्यामुळें यंत्रानें माणूस उठविला म्हणून भाच्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाहीं.

कोणी म्हणेल, ग्रामोफोनानें हेंच केलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. अब्दुल करीमखांसाहेब १९३७ मध्यें वारले. तबकड्या नसत्या तर त्यांचा आवाज आमच्या पिढीस केवळ दंतकथा म्हणून ऐकावा लागला असता. तबकडीनें गाणें ठेविलें, गाणाराचें नांव ठेविलें, आणि जो ऐकतो त्यास तो खांसाहेबांचें गाणें ऐकतों असेंच म्हणतो. सॅम्पलर गाणें ठेवीत नाहीं. गाण्याची शक्ति तेवढी उचलतो, आणि नांव गाळतो. कोणी आपलें पत्र जपून ठेवणें वेगळें, आणि आपली सही शिकून घेऊन तिनें वाटेल ते कागद लिहिणें वेगळें. सही शिकणारा प्रामाणिक असला तरी हा भेद राहतोच.

कायद्यानें या बाबतींत कांहीं केलें आहे. १९५७ च्या कॉपीराइटच्या कायद्यांत १९९४ मध्यें वादकाचा हक्क घातला गेला, तो प्रयोगानंतर पन्नास वर्षें टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीनें आपलें नांव लावून घेण्याचा व आपल्या प्रयोगाची विटंबना थांबविण्याचा अधिकारहि त्यास दिला. पण त्याच कायद्यानें ध्वनिमुद्रणाचें स्वामित्व, तें ज्यानें पुढाकार घेऊन जबाबदारीनें करविलें त्याचें ठरतें, आणि तें साठ वर्षें चालतें. म्हणजे आमचा भाचा स्वामी, आणि म्हातारे हक्कदार. हक्क बजावण्यास सूर्यमाळेहून उतरून कोठें जावयाचें, हा पुढचा प्रश्न. आम्ही कायद्यावर थांबत नाहीं; जेथें एक पक्ष कागद वाचतो व दुसरा विश्वास ठेवतो तेथें कायद्याच्या आधींच नीति सुरू झालेली असते.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. चार महिन्यांपूर्वीं आम्ही भाच्यास सांगितलें असतें कीं, ज्याचा संच मोठा तो घे. आतां तसें सांगवेना. मोठ्या संचांतील बहुतेक आवाज कुलुपांत असतात. वाजवितां येतात, पण उघडून पाहतां येत नाहींत. काँटॅक्टचा फुकट मिळणारा वादक-भाग तर असा आहे कीं, परवाना घेतलेल्या कंपन्यांचे संच तो बिनतक्रार वाजवितो, आणि आपण स्वतः केलेला संच त्यांत घातला तर पंधरा मिनिटांनीं गप्प होतो. त्यासाठीं पूर्ण आवृत्ति विकत घ्यावी लागते. दुसऱ्याचें ऐकणें फुकट, आपलें बोलण्यास दाम. उलट स्फोर्झांडो ज्या लिपींत संच वाचतो ती साधी, कोणत्याहि संपादकांत उघडणारी; कोणता नमुना कोणत्या पट्टीवर, कोणत्या जोरास, हें ओळींत लिहिलेलें असतें, आणि त्या ओळींच्या वर वादकाचें नांव, गांव, दिवस लिहूनहि ठेवतां येतो. डिसेंट सॅम्पलराचेंहि असेंच आहे. या साधनांत थाट कमी. गळणीं कमी, बारीक करामती कमी. व्यवसाय म्हणून चित्रपटांचें काम करणारास तीं पुरणार नाहींत, आणि त्यानें काँटॅक्ट घेतला तर आमचें कांहीं म्हणणें नाहीं.

दुसरी एक बारकाई या निमित्तानें ध्यानांत आली. या सर्व यंत्रांच्या भाषेंत सूर हा पट्टीवरील आघातानें सुरू होतो, आणि आघाताचा जोर शून्यापासून १२७ पर्यंत मोजतात. हा पियानोचा स्वभाव सर्व जगाच्या वाद्यांवर लादलेला आहे. फुंकेच्या वाद्यांसाठीं निराळी खूण त्या भाषेंत आहे खरी, आणि तोंडांत नळी धरून ती चालवितांहि येते. पण कितीजण तशी चालवितात? तक्त्यांत 'सर्व वाद्यांस उपयुक्त' असें लिहिलेलें असतें तेथें, ज्यांस आघातापासून आरंभ आहे अशा सर्व वाद्यांस, असें वाचावें.

परंतु ज्या गोष्टीनें आमचा निकाल झाला ती यांपैकीं कोणतीच नव्हे. म्हाताऱ्यांचा नातू जव्हारास महाविद्यालयांत शिकतो. मुद्रण चाललें असतां तो भाच्याच्या संगणकाशेजारीं उकिडवा बसून सगळें पाहत होता. निघतांना त्यानें विचारलें, "दादा, हें माझ्या संगणकावर उघडेल का?" त्याच्याजवळ कोणा मास्तरांनीं दिलेला एक जुना संगणक आहे. भाच्यानें त्या वेळीं काँटॅक्टचें नांव सांगितलें आणि किंमत सांगितली. मुलगा हंसला, आणि विषय बदलून आम्हांस चहा विचारला. ज्या घरांतून सूर निघाला त्या घरांतच तो उघडणार नाहीं असें यंत्र कितीहि अष्टपैलू असलें तरी या कामास तें निवडूं नये, असें आम्हीं भाच्यास त्या रात्रीं डोंबिवलीस पोंचल्यावर सांगितलें. त्यानें वाद घातला नाहीं, पण लगेच मान्यहि केलें नाहीं. आपण ऐपतीप्रमाणें साधन घेतों, त्यांत दुसऱ्याची ऐपत कां मोजावी, हा त्याचा प्रश्न वावगा नाहीं. आमचें उत्तर एवढेंच कीं, उसनें आणलेलें भांडें ज्याचें त्याला परत करतां येईल अशा बेतानें वापरावें. सूर परत करतां येत नाहीं, तर निदान त्याच्या हातीं किल्ली तरी द्यावी.

त्यानंतर झालें तें असें. भाच्यानें सुटे तुकडे कापले. पांच सूर, फुंकेचे तीन दाब, प्रत्येकाच्या चार आवृत्त्या, मिळून साठ नमुने. दहा सेकंदांचा एक धरला तर दहा मिनिटें, म्हणजे १७३ मेगाबाइटच्या आंत सगळा ऐवज. तो त्यानें स्फोर्झांडोच्या साध्या लिपींत बांधला आणि आम्हांस ऐकविला. वाईट नव्हता, खरें सांगावयाचें तर आम्हांस अपेक्षेहून बराच चांगला वाटला, आणि त्याचें आम्हांस थोडें वाईट वाटलें. कीबोर्डाच्या अगदीं डावीकडच्या तीन पट्ट्यांवर मात्र त्यानें तीन संपूर्ण चाली न कापतां ठेविल्या आहेत. पट्टी दाबली कीं घरघराटासकट, पोरांच्या पायांच्या आवाजासकट चाल सुरू होते. नृत्यनाट्यांत यांपैकीं काय वापरावें हें ठरलेलें नाहीं. प्रयोगाच्या दिवशीं म्हाताऱ्यांसच बोलवावें असें त्याच्या मित्रांपैकीं एकीचें मत आहे, आणि प्रवासखर्चाचा हिशेब चालू आहे.

संचाची एक प्रत लहानशा पेनड्राइव्हवर घालून त्यानें जव्हारास नातवाकडे पाठविली. आठ दिवसांनीं त्याचा फोन आला. संच उघडला होता. आजोबांस त्यानें तो वाजवून दाखविला होता. आजोबा काय म्हणाले, असें भाच्यानें अधीरतेनें विचारलें तेव्हां मुलानें सांगितलें कीं, तिसऱ्या चालीच्या मध्यें कुत्रें भुंकलें आहे आणि त्या वेळीं आपला दम चुकला होता, तेव्हां ती चाल काढून टाकावी. भाताच्या पुढच्या हंगामांत यावें, नवा भोपळा बसवून ठेवतों, मग ती पुन्हा घेऊं.